सिकलसेलने गेलेली बहीण, तिची सहा वर्षांची मुलगी आणि पुण्यस्मरणाचा मजकूर

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपली धाकटी बहीण गेल्या वर्षी, वयाच्या ३१व्या वर्षी गेली. तिला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता, तोही एसएस, म्हणजे नुसता वाहकाचा नव्हे, प्रत्यक्ष आजाराचा प्रकार. तिच्यामागे नवरा आणि आता साडेसहा वर्षांची झालेली मुलगी आहे. पुढच्या महिन्यात प्रथम पुण्यस्मरण आहे, त्या दिवशी वाटण्यासाठी घरचे एक छोटी स्मरणिका काढत आहेत आणि तिचा मजकूर लिहिण्याचे काम मुलीचे मामा म्हणून आपल्याकडे आले आहे. आईंचे म्हणणे आहे की आजाराचे नावही छापू नये, कारण उद्या नातीच्या लग्नात ते आड येईल. मेहुण्यांना मात्र ‘आयुष्यभर आजाराशी झुंज दिली’ हे वाक्य ठळक अक्षरांत हवे आहे. भाची अधूनमधून “आई कशाने गेली?” असे विचारते आणि घरातला प्रत्येकजण तिला वेगळे उत्तर देतो. तेव्हा लिहावे काय आणि मुलीला सांगावे काय, असे आपण विचारले आहे.

मी विदर्भातील एका शासकीय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून २२ वर्षे काम करते आहे आणि त्यातील बराच काळ सिकलसेलच्या रुग्णांसोबत गेला आहे. काही गोष्टी आपल्या घरावर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. मुलगी आता कोणाकडे राहते, आईचे शेवटचे दिवस तिने पाहिले की तिला तेव्हा शेजारी ठेवले होते, तिचा स्वभाव बोलका आहे की सगळे मनात ठेवणारा, वडील स्वतः या विषयावर बोलू शकतात की नाही, यांनुसार पुढे सांगते आहे त्यातले काही आधी करावे लागेल आणि काही पुढे ढकलावे लागेल.

माझ्या मते खरी अडचण मजकुराची नाही, तो मजकूर कोणासाठी लिहायचा हे अजून ठरलेले नाही, ही आहे. आईंच्या डोळ्यांसमोर कार्यक्रमाला येणारे पाहुणे आहेत आणि मेहुण्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचे स्वतःचे दुःख आहे. पाहुणे ती स्मरणिका त्या दिवशी चाळतील आणि घरी जाऊन कुठेतरी ठेवून देतील. ती पुन्हा पुन्हा उघडणारी व्यक्ती एकच आहे. ती आज जोडाक्षरे शिकते आहे आणि दहा वर्षांनी तोच कागद एकटी बसून वाचणार आहे. तिला वाचक मानून लिहायला बसलात, तर निम्मे वाद आपोआप मिटतील असे मला वाटते.

आता ‘झुंज’ या शब्दाविषयी. मेहुण्यांची भावना मी समजू शकते, कारण बायकोच्या उशाशी बसून रात्री काढलेल्या माणसाला त्या वेदनेची दखल घेतली जावी असे वाटणारच. परंतु झुंज म्हटली की हारजीत आली, आणि आई गेली म्हणजे ती हरली, एवढाच हिशेब लहान मूल करते. शिवाय सिकलसेलमध्ये झुंजण्यासारखे रुग्णाच्या हातात फार थोडे असते. पाणी भरपूर पिणे, थंडी टाळणे, ताप अंगावर न काढणे, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया नियमित घेणे हे सगळे करूनही क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनेचा झटका, येतो, आणि एकाच घरातल्या दोन एसएस भावंडांतही एकाचा आजार सौम्य तर दुसऱ्याचा तीव्र असू शकतो. ज्यांचा आजार तीव्र असतो ते कमी धैर्यवान असतात असे मुळीच नाही. ‘देव चांगल्या माणसांना लवकर नेतो’ हे वाक्यही स्मरणिकेत नको. ते वाचून आलेली एक आठ वर्षांची मुलगी मला म्हणाली होती की ती आता फार चांगली वागत नाही. तिच्या वर्गशिक्षिका त्याला खोडकरपणा समजत होत्या.

मुलीला काय सांगावे, याचे उत्तर वयाशी बांधलेले आहे. मृत्यू कायमचा असतो, तो सर्वांना येतो आणि त्यानंतर शरीराचे काम थांबते, हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हळूहळू उमगू लागते, म्हणजे आपली भाची नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. ‘आई झोपली’ म्हटले तर तिला झोपेची भीती बसू शकते, आणि ‘देवाघरी गेली’ म्हटले तर परत कधी येणार हा प्रश्न येतोच. आपल्या घरात देवाघरी हा शब्द रुळला असेल तर तो काढून टाकायची गरज नाही, पण त्याच्या जोडीला शरीराचे साधे सत्य हवे. मी मुलांना असे सांगते: आपल्या रक्तात छोट्या गोल पेशी असतात, त्या अगदी बारीक नळ्यांतूनही सहज जातात, तुझ्या आईच्या काही पेशी विळ्यासारख्या वाकड्या होत्या, त्या नळ्यांत अडकायच्या, म्हणून तिचे हातपाय खूप दुखायचे, शेवटी तिचे शरीर इतके आजारी झाले की डॉक्टरांनाही ते बरे करता आले नाही, तिचा श्वास थांबला आणि ती मरण पावली. विळा आपल्याकडच्या मुलांनी पाहिलेला असतो. त्यानंतर तीन गोष्टी न विचारताही सांगायच्या असतात: तुझ्या वागण्यामुळे हे झाले नाही, हा आजार एकमेकांजवळ झोपल्याने किंवा उष्टे खाल्ल्याने होत नाही, आणि तुला सांभाळायला आम्ही आहोत, तेही नावे घेऊन, की सकाळी शाळेत कोण सोडेल आणि ताप आला तर जवळ कोण बसेल. घरातल्या चौघांनी हे एकाच शब्दांत सांगावे. वेगवेगळी उत्तरे मिळाली की मूल प्रश्न विचारणे थांबवते आणि उरलेल्या जागा कल्पनेने भरते, आणि मुलाची कल्पना सत्यापेक्षा भयंकर असते, हा माझा अनुभव आहे.

आईंच्या हरकतीकडे मी थोडे सविस्तर वळते, कारण माझ्या मते तीत लग्नाच्या काळजीखेरीज आणखी काहीतरी दडले आहे. आपली बहीण एसएस होती याचा अर्थ आई आणि बाबा या दोघांकडूनही तो जनुक तिच्यापर्यंत आला, म्हणजे बहुधा दोघेही एएस, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले, स्वतः आजारी नसणारे वाहक. अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक. हे कळलेल्या कित्येक आया आयुष्यभर ‘माझ्या रक्ताने माझी लेक नेली’ हे ओझे वाहतात आणि ते कोणाजवळ बोलत नाहीत. आपल्या आईंना एकदा निवांत बसवून एक गोष्ट सांगून पाहा. ॲलिसन नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये दाखवून दिले की सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या व्यक्तींना हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, आणि म्हणूनच जिथे हिवताप पिढ्यानपिढ्या मुक्कामाला होता तिथे हा जनुक टिकून राहिला. आपल्याकडच्या जंगलपट्ट्यात हिवतापाने किती लेकरे नेली हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. ज्या जनुकाने त्यांची लेक नेली, त्यानेच त्यांच्या आजीपणजीला कदाचित तगवले असेल. मी हे अनेक आयांना सांगितले आहे. सगळ्यांना त्याचा उपयोग झाला असे म्हणणार नाही, पण काहींच्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरलेले मी पाहिले आहे.

राहिले लग्न. मुलीच्या वडिलांची तपासणी झाली आहे का, हे आपण लिहिलेले नाही आणि ते फार महत्त्वाचे आहे. ते एए, म्हणजे हा जनुक मुळीच नसलेले, असतील तर भाची नक्कीच एएस आहे. म्हणजे ती रुग्ण नाही आणि तिला उपचार लागत नाहीत, फक्त पुढे जोडीदाराची तपासणी करून घ्यावी लागेल. ते स्वतः एएस असतील तर तिला आजार असण्याची शक्यता दोनात एक आहे आणि ते आजवर लक्षात आले नसेल असेही होऊ शकते. रक्ताची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी दोष केवळ ‘आहे’ इतकेच सांगते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पुढच्या चाचण्या केल्यावरच ठरते. आपण स्वतः आजारी नसाल आणि आईबाबा दोघेही वाहक असतील, तर आपण वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे, तेव्हा तपासणी आपलीही व्हायला हवी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करून त्यांना तिच्या निकालाचे कार्ड देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. आपली भाची लग्नाच्या वयाची होईल तेव्हा समोरच्या मुलाच्या खिशातही असेच कार्ड असण्याची दाट शक्यता आहे. लपवलेली गोष्ट तेव्हा उघडी पडली तर ती जास्त बोचेल. तरीही आई ऐकत नसतील तर मी ताणणार नाही. छापील स्मरणिकेत ‘जन्मजात रक्ताचा आजार’ एवढेच लिहा आणि पूर्ण हकीकत मुलीसाठी वेगळ्या वहीत लिहून ठेवा. पाहुण्यांना न सांगणे चालेल, मुलीला न सांगणे चालणार नाही.

आजार वगळून तिचे चित्र काढताच येणार नाही, असेही मला वाटते. जन्मभर सिकलसेल असलेल्या माणसाच्या सवयी त्या आजाराने घडलेल्या असतात. पाण्याची बाटली घेतल्याशिवाय ती कोपऱ्यावरच्या दुकानातही गेली नसेल. दिवाळी सरते न सरते तोच तिने स्वेटर काढला असेल आणि घरच्यांनी तिची थट्टा केली असेल. डोळे कायम पिवळसर, म्हणून शाळेत कोणीतरी तिला कावीळवाली म्हटले असेल. वेदना बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ‘नाटक करते’ हे तिने घरात आणि ‘इंजेक्शनची सवय लागली आहे’ हे रुग्णालयात ऐकलेले असण्याची शक्यता आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांनी दोन्ही ऐकलेले असते, आणि दुसरे वाक्य बोलणारे कधीकधी आमचेच सहकारी असतात, हे मला कबूल केले पाहिजे. या तपशिलांतून मुलीला जी आई भेटेल ती ‘शूर योद्धा’ या शब्दांतून भेटणार नाही. माझ्या ओळखीची एक रुग्ण क्रायसिसची पिशवी नेहमी भरून दाराशी ठेवत असे. तिच्यात फाईल, चादर आणि थर्मास असे, पण सर्वांत वर लिपस्टिक असे, कारण ‘वॉर्डात सगळे आपल्याला पेशंटच समजतात’ असे तिचे म्हणणे होते. तिच्या शोकसभेत तिच्या सोशिकपणावर तीन भाषणे झाली, पण लिपस्टिकचा उल्लेख कोणीच केला नाही. माझ्या मनात मात्र ती तेवढ्यासाठी राहिली आहे.

म्हणून मजकूर लिहिण्याआधी आठवणी गोळा करा, आणि ‘ती कशी होती’ असे कोणालाही विचारू नका. त्या प्रश्नाला ‘फार चांगली, सगळ्यांना धरून राहणारी’ हेच उत्तर येते. तिच्या मैत्रिणीला विचारा की तिला राग आला की ती काय करायची. मेहुण्यांना विचारा की पगाराच्या दिवशी ती काय आणायला सांगायची. आईंना विचारा की लहानपणी ती कशासाठी हट्ट धरायची, कोणती भाजी ताटात तशीच ठेवायची. तिला काय जमत नव्हते, हेही विचारा. पोळ्या वाकड्या व्हायच्या, गाताना सूर हरवायचा, उधार दिलेले पैसे मागता यायचे नाहीत, अशा गोष्टी स्मरणिकेत शोभत नाहीत असे कोणी म्हणेल. परंतु निर्दोष आईची मुलगी होणे फार अवघड असते, आणि ही मुलगी १५ वर्षांची होऊन आईच्या फोटोवर रागावेल तेव्हा तिला रागावता येईल अशी खरी आई समोर असलेली बरी.

हे लवकर करण्याचे कारण असे की साडेपाच वर्षांच्या मुलीजवळ आईच्या ज्या आठवणी असतात त्या पुढच्या काही वर्षांत विरळ होतात. वयाची तीन-साडेतीन वर्षे होण्याआधीचे तर मोठेपणी जवळजवळ काहीच उरत नाही. ज्या प्रसंगांविषयी घरात पुन्हा पुन्हा बोलले जाते ते टिकतात, बाकीचे जातात. तेव्हा भाचीला आज काय आठवते ते तिच्याच शब्दांत, दुरुस्त न करता लिहून घ्या. ती काही चुकीचे सांगेल, तेही तसेच असू द्या. बॉस्टन परिसरात आई किंवा वडील गमावलेल्या ६ ते १७ वर्षांच्या १२५ मुलांचा एक दीर्घ अभ्यास झाला होता. त्यातून दिसले की मुले गेलेल्या पालकाला मागे टाकून पुढे जात नाहीत, तर त्याच्याशी असलेले नाते वयानुसार बदलत जपतात. पूर्वी आम्हीही ‘फोटो काढून ठेवा, मूल विसरेल’ असा सल्ला देत असू. तो चुकीचा होता. युगांडात एचआयव्ही झालेल्या मातांनी १९९० च्या दशकात मुलांसाठी स्मृतिपुस्तके लिहायला घेतली, त्यांत घराण्याची माहिती, मुलाच्या जन्माची हकीकत आणि आपल्या आजाराविषयीचे सत्य या तिन्हींना जागा होती. आपली बहीण स्वतः असे काही लिहून गेली नसेल, तर ते काम आता मामांकडे आले आहे.

एका वाक्यापासून मात्र मी आपल्याला आवर्जून सावध करते. ‘बाळंतपणानंतर तिची तब्येत ढासळत गेली’ हे कोणीतरी भाषणात बोलेल किंवा मजकुरात घालील. वैद्यकीय दृष्ट्या एसएस स्त्रीचे गरोदरपण जोखमीचे असते हे खरे आहे. हायड्रॉक्सियुरियाही साधारणपणे गर्भधारणेपूर्वी थांबवावे लागते, त्यामुळे त्या काळात क्रायसिस वाढू शकतात. परंतु बारा वर्षांची मुलगी ते वाक्य ‘मी झाले म्हणून आई गेली’ असे वाचते. ही बेरीज तिने केली आहे हे घरच्यांना बहुधा कळतही नाही. छापील कागदावर ते वाक्य नकोच. पुढे तिने विचारले तर खोटेही सांगू नका. आईला जोखीम ठाऊक होती, डॉक्टरांनी समजावले होते आणि तिने विचार करून निर्णय घेतला, असे सांगा, पण ते तसे झाले असेल तरच. आईच्या तोंडी सुंदर वाक्ये घालण्याचा मोह टाळा. मूल मोठे झाल्यावर बनावट वाक्य बरोबर ओळखते.

आतापर्यंतचे एकत्र करून स्मरणिकेतील आजाराचा परिच्छेद कसा असू शकेल, त्याचा कच्चा खर्डा देते. तपशील आपले घाला. ‘तिला जन्मापासून सिकलसेल होता. त्यामुळे शाळेचे बरेच दिवस बुडाले, तरी ती बारावीपर्यंत शिकली आणि शिवणकाम करून स्वतःचे पैसे मिळवू लागली. दुखणे उठले की ती खोलीचे दार लावून घ्यायची आणि कोणी जवळ बसलेले तिला चालत नसे, लेक सोडून. बरे वाटू लागले की सर्वांत आधी चहा मागायची. गेल्या वर्षी छातीत संसर्ग झाला, श्वास घेणे कठीण झाले आणि उपचार चालू असताना ती गेली.’ यात झुंज नाही, दैव नाही आणि लपवाछपवीही नाही. मेहुण्यांना त्यांच्या रात्रींची नोंद हवी असेल तर ती त्यांच्या नावाने, त्यांच्या शब्दांत वेगळी छापा.

दोन तातडीच्या गोष्टी राहिल्या. बहिणीच्या फोनमधील ध्वनिसंदेश आणि चित्रफिती आजच दोन ठिकाणी उतरवून ठेवा; रिचार्ज बंद पडलेला क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला मिळू शकतो आणि त्यासोबत त्या क्रमांकावरचे संदेशांचे खाते जाते. माझ्या पाहण्यात मुलांना सर्वांत आधी विसरायला होतो तो आवाज. कार्यक्रमाच्या दिवशी मुलीला पुढच्या रांगेत हार घातलेल्या फोटोसमोर तासभर बसवू नका. तिला काय करायचे आहे ते आधी विचारा. फूल ठेवायचे असेल तर ठेवू द्या, नाहीतर तिच्या आवडीच्या मावशीसोबत मागे, दाराजवळ बसू द्या. ती मध्येच उठून खेळायला गेली तर कोणी ‘हिला काही कळत नाही’ म्हणू नये, कारण मुले दुःख तुकड्यातुकड्यांनी करतात.

आपण शेवटी सहज लिहिले आहे की ती हल्ली रात्री “माझेही पाय दुखतात” म्हणते. गेलेल्या पालकाचे दुखणे मुलाने स्वतःच्या अंगात दाखवणे हे दुःखाचे ओळखीचे रूप आहे आणि बहुतेक वेळा पाय चेपून, जवळ घेऊन ते शमते. पण या घरात ते गृहीत धरता येत नाही. आधी तिची एचपीएलसी करून घ्या आणि तो अहवाल आईच्या कागदांसोबत लावा. आईची रुग्णालयाची फाईल तेराव्यानंतर कपड्यांबरोबर बाहेर काढली गेली नसेल अशी आशा करते. तिच्यात निदानाचा अहवाल, रक्तगट आणि औषधांच्या नोंदी आहेत. कधीकधी केस पेपरच्या पाठीमागे रुग्णाच्या हातची किराण्याची यादीही सापडते. ती फाईल प्लास्टिकच्या पाकिटात घालून आपल्या कपाटात ठेवा आणि ती कुठे आहे हे मेहुण्यांना सांगून ठेवा.